आत्याबाईंच्या नावचं बिल

मी वडीगोद्रीला हायवेच्या कडेला मसाल्याचा धंदा करते. शेजारपाजारच्या बायकांची मिरची कांडून देण्यापासून सुरुवात झाली आणि आता आमची पाकिटं अंबडपासून गेवराईपर्यंतच्या दुकानांत टांगलेली दिसतात. धंदा माझ्या नावावर, जीएसटीचा नंबर माझ्या नावावर, आणि दर महिन्याला त्या कराचं विवरणपत्र भरायची डोकेदुखीही माझ्याच नावावर. यजमानांचं खता-बियाण्याचं दुकान आहे. माझ्या धंद्यातलं त्यांना एवढंच कळतं की माझ्या जवळून गेलं की शिंक येते.

ज्यांना या कराच्या भानगडीत कधी पडावं लागलं नाही, त्यांना आधी थोडं सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. मी मसाला विकते तेव्हा गिऱ्हाइकाकडून कर घेते आणि तो सरकारला भरते. पण धंद्यासाठी मी स्वतः काही विकत घेते, वजनकाटा म्हणा, पंखा म्हणा, तेव्हा त्यावरचा कर मी दुकानदाराला आधीच दिलेला असतो. तो दिलेला कर मला माझ्या भरायच्या करातून वजा करून मिळतो. त्याला क्रेडिट म्हणतात. अट अशी की बिल धंद्याच्या नावाचं पाहिजे, त्यावर माझा नंबर पाहिजे, आणि विकणाऱ्यानं ते बिल त्याच्या विवरणपत्रात माझ्या नंबरावर चढवलेलं पाहिजे. एवढं जमलं की सरकारच्या पोर्टलवर ते आपसूक दिसतं. नाही दिसलं तर बसा बोंबलत.

मी बोंबलत बसणाऱ्यातली नाही. एकदा लेबल छापायचा प्रिंटर ऑनलाइन मागवला होता. बिल बरोबर आलं, नंबर बरोबर होता, पण पोर्टलवर काही दिसेना. विकणाऱ्यानं त्याचं विवरणपत्रच भरलं नव्हतं. मी त्याचा असा पिच्छा पुरवला की शेवटी शेवटी फोन उचलल्या उचलल्या तो म्हणायचा, मॅडम, आज भरतो. सकाळचा चहा झाला की पहिला फोन त्याला. दिल्लीतल्या त्या माणसाला वडीगोद्री कुठं आहे ते माहीत नसेल, पण माझा आवाज तो जन्मात विसरणार नाही. क्रेडिट आलं त्या दिवशी यजमान म्हणाले, सरकारला तुझ्यासारख्या चार बाया ठेवल्या असत्या तर करचुकवे उरले नसते. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तरीही सामान मी ऑनलाइनच घेते. आपल्याकडं काही दुकानांत गेलं की पहिला प्रश्न असतो, बिलाचं देऊ का बिनबिलाचं? बिलाचं म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरतं, जणू मी त्याच्या घरचं काही मागितलं. ऑनलाइनवाला निदान विचारत नाही. फक्त ऑर्डर द्यायच्या आधी खात्यात धंद्याचा नंबर घातलेला असावा लागतो. बिल एकदा निघालं की मग नंबर घालून मिळत नाही. हे मला पाठ होतं, आणि तरी जे व्हायचं ते झालंच.

आता आत्याबाईंचं. त्यांच्याशिवाय हे प्रकरण घडलंच नसतं.

आत्याबाई म्हणजे यजमानांची आत्या, माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष होत नाही तोच नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला आला नाही. का, ते मला आजही माहीत नाही. घरात कुणी ते बोलत नाही. त्या काळी अशा बाईला गावात हळदीकुंकवालासुद्धा बोलवत नसत. पण त्या आल्या त्याच वर्षी सासऱ्यांनी विहीर खणायला काढली, पहिली कुदळ बहिणीच्या हातानं मारायला लावली, आणि विहिरीला असं पाणी लागलं की खणणाऱ्यांना पाट्या तशाच टाकून वर यावं लागलं. झालं. आत्याबाईंच्या हाताला गुण आहे, हे गावानं ठरवून टाकलं.

तेव्हापासून आमच्याकडं त्यांच्या हाताशिवाय पान हलत नाही. पेरणीची पहिली मूठ त्यांची. खताच्या दुकानाचं कुलूप पहिल्या दिवशी त्यांनी उघडलं. लोणच्याच्या बरणीत पहिली फोड त्या टाकतात, मग आम्ही. गावातलीही माणसं येतात, नवी मोटारसायकल घेऊन, नवं गाय-वासरू घेऊन, नुसता हात लावा म्हणतात. माझा मुलगा बारावीच्या परीक्षेला निघाला तेव्हा हॉल तिकीट आधी त्यांच्या हातात दिलं आणि मग परत घेतलं. विज्ञान शाखेचा मुलगा हे करतो म्हणून मी हसले, पण करू दिलं.

मी सून म्हणून आले तेव्हापासून बघते आहे. जेवायला आत्याबाई सगळ्यांच्या शेवटी बसतात. नवं लुगडं घेऊ म्हटलं की 'हाय की जुनं' म्हणतात. ताप आला तर चूल पेटवून झाल्यावर सांगतात. घर त्यांच्या बापाचं, पण वावरतात पाहुण्यासारख्या, तेही परत कधी जाणार असं कुणी विचारू नये म्हणून जपून राहणाऱ्या पाहुण्यासारख्या. फक्त हात लावायची वेळ आली की पदर खोचून, पाठ ताठ करून पुढं येतात. या घरात त्यांचा आधार तेवढाच. म्हणून पुढं जे झालं त्यात मला बुडणाऱ्या कराची चिंता होतीच, खोटं कशाला बोलू, पण त्याहून मोठी धास्ती त्या हाताची होती. आपल्या हाताचा गुण गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं असतं, तर या घरात त्या कशाच्या जोरावर राहिल्या असत्या?

त्या वर्षी मी पाकिटं भरायची मशीन घ्यायचं ठरवलं होतं. तोवर सगळं हातानं चालायचं. चमच्यानं मसाला भरायचा, काट्यावर ठेवायचा, थोडा काढायचा, थोडा घालायचा, मग सीलरनं तोंड चिकटवायचं. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला होतो, तेव्हा आमची मागणी इतकी वाढते की कामाला येणाऱ्या बायकांचे हात पुरत नाहीत. मी बरेच दिवस मोबाइलवर मशीनी बघितल्या, व्हिडिओ बघितले, त्यांच्या खाली लोकांनी लिहिलेली भांडणं वाचली. शेवटी गुजरातेतल्या एका छोट्या कारखानदाराची मशीन पसंत पडली. किंमत माझ्या मानानं मोठी होती आणि त्यावरचा करही घसघशीत होता. तो कर मी मनातल्या मनात वजा करून मोकळी झाले होते.

ऑर्डर गुढीपाडव्याला द्यायची, हे आत्याबाईंनी आधीच सांगून ठेवलं. बटण त्याच दाबणार, हे तर सांगायचीही गरज नव्हती. माझा बेत साधा होता. माझ्या फोनवर, धंद्याच्या खात्यात सगळं भरून ठेवायचं आणि शेवटचं बटण दाबायला फोन त्यांच्या हातात द्यायचा.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून मी आत आले तर देवासमोर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर आत्याबाईंचा स्वतःचा मोबाइल. मागच्या बाजूला हळदी-कुंकवाची बोटं, वर अक्षता. हा फोन म्हणजे माझ्या मुलाचा जुना. पुण्याला शिकायला जाताना तो त्यांना देऊन गेला होता, आणि गुडघ्याचं तेल घरपोच मागवता यावं म्हणून त्यांच्या नावाचं खातंही त्यावर उघडून दिलं होतं. आत्याबाईंचं म्हणणं असं की ज्याची पूजा केली त्याच्यावरूनच ऑर्डर गेली पाहिजे. माझ्या फोनची पूजा करू म्हटलं तर त्यांना ते पटेना. सकाळपासून त्यावर उधारीवाल्यांचे फोन येत होते, आणि सणाच्या दिवशी असल्या फोनला त्या हळद लावायला तयार नव्हत्या.

मला वाटलं, पत्ता एकच आहे, पैसे माझ्याच खात्यातून जाणार आहेत, मग फोन कुणाचा का असेना. मुहूर्त टळतोय म्हणून यजमान नारळ हातात घेऊन उभे होते. मशीनची लिंक मी त्यांच्या फोनवर पाठवली, पैसे द्यायच्या जागी माझा आयडी टाकला, आत्याबाईंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि बटण दाबलं. नारळ एका फटक्यात फुटला. आम्ही सगळे पुरणपोळ्या खायला बसलो.

मशीन आली, आणि खरोखर चांगली आली. आत्याबाईंनी तिची पूजा केली, पुढच्या पट्टीवर स्वस्तिक काढलं, बाजूच्या दांडीला काळा दोरा बांधला, आणि पहिलं पाकीट त्यांनीच काढून देवापुढं ठेवलं. पहिल्या दिवसापासून ती न अडखळता चालायला लागली. बायका म्हणाल्या, हात कुणाचा लागलाय. त्या दिवशी आत्याबाई आमच्याबरोबर जेवायला बसल्या हे माझ्या लक्षात आहे.

महिना संपला तशी मी खरेदीची बिलं सीएकडं पाठवली. आमचे सीए जालन्याला मस्तगडला बसतात. पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं घराणं. घरात मारवाडी बोलतात, ऑफिसात हिंदी, माझ्याशी मराठी, आणि तिन्हींत सूर काळजीचाच. त्यांचा फोन आला.

"ताई, मशीनचं बिल कोणाचं पाठवलं हे? ह्याच्यावर दुसऱ्याच बाईचं नाव आहे. आपला नंबर बिलकुल नाही."

मी बिल उघडून पाहिलं. मशीन आल्यावर ते मी पाहिलंच होतं, पण रक्कम बरोबर आहे की नाही एवढंच. वर, जिथं खरेदीदाराचं नाव असतं तिथं, आत्याबाईंचं पूर्ण नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. नंबराची जागा कोरी. म्हणजे कागदोपत्री एका घरगुती बाईनं घरच्या वापरासाठी ताशी शेकड्यानं पाकिटं भरणारी मशीन घेतली होती, आणि तिचा कर सरकारजमा झाला होता, माझ्याशी संबंध नसल्यासारखा. सीए म्हणाले, परत पाठवायची मुदत आहे तोवर ही पाठवून द्या आणि नंबर घालून दुसरी मागवा. ऐकायला फार सोपं वाटत होतं.

मी तडक यजमानांच्या दुकानात गेले. ते आधी हसले. दिल्लीवाल्याला रडवणारी बाई घरच्या पाटावर आपटली, म्हणाले. मग मी मशीन परत पाठवायचं बोलले तशी त्यांचं हसू गेलं.

"आत्यानं पूजलेली मशीन माघारी धाडायची? आन्‌ तिला काय सांगशील?"

तसंही दांडीला काळा दोरा नि पट्टीवर स्वस्तिक असलेली, पोटात लाल तिखट बसलेली मशीन कोण परत घेणार होतं? पण घेतली असती तरी माझ्याच्यानं झालं नसतं. ज्या बाईला तिच्या नवऱ्यानं माघारी आणून सोडलं, तिनं हात लावलेली वस्तू तिच्या डोळ्यांदेखत माघारी पाठवायची, एवढं काळीज माझं नाही. यजमान म्हणाले, सोडून दे कर, तिला कळू देऊ नको, मिटलं. पण सोडून देणंही माझ्या स्वभावात नाही. माझा कर आहे, मी दिलेला आहे, मी का सोडू? त्या दिवशी मी जेवले नाही, आणि ते करासाठी का आत्याबाईंसाठी, हे मला नीट सांगता आलं नसतं.

मग मी गुपचूप प्रयत्न करायचं ठरवलं. ज्या संकेतस्थळावरून मशीन घेतली तिथं फोन लावला. आधी यंत्राचा आवाज, मग गाणं, मग पुन्हा यंत्र, आणि शेवटी एक मुलगी मिळाली. ती गोड होती आणि तिच्याकडं एकच वाक्य होतं: बिल निघाल्यानंतर नंबर घालता येत नाही. मी चार तऱ्हांनी विचारलं, तिनं चारी वेळा तेच सांगितलं. तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता, तरी मी थोडीशी ओरडले.

मशीनच्या मागच्या बाजूला कारखानदाराचा नंबर चिकटवलेला होता. त्याला लावला. तो भला माणूस निघाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, जुनं बिल रद्द करून तुमच्या धंद्याच्या नावानं नवं बिल देतो, माझ्या विवरणपत्रातही दुरुस्ती करतो. असं मागं एकाला करून दिलं होतं. फक्त एक अडचण होती. खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः बोललं पाहिजे. एकाच्या नावची वस्तू दुसऱ्याच्या सांगण्यावरून तिसऱ्याच्या नावावर केली, म्हणून त्याच्यावर पूर्वी एकदा बालंट आलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांना फोन द्या, लगेच करतो, म्हणाला.

म्हणजे आत्याबाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुपारी त्या मागच्या पडवीत मिरचीची देठं मोडत बसल्या होत्या. नाकावर पदर बांधलेला. मी शेजारी बसले, चार मिरच्यांची देठं मोडली आणि सांगितलं. जमेल तितकं हलकं करून सांगितलं. खातं तुमच्या नावाचं होतं, त्यामुळं बिल तुमच्या नावाचं आलं, त्यामुळं कर वजा होत नाही, एक फोन केला की सगळं नीट होतंय. त्यांचे हात मध्येच थांबले.

"म्हंजी माझ्या हातानं पैसा बुडाला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हाताचा काय संबंध, खात्याचा घोळ आहे. त्यांना तो फरक मान्य नव्हता. बटण कुणी दाबलं, एवढंच त्यांनी विचारलं. मग उठल्या. मिरचीचे हात आधी तेल लावून, मग साबणानं धुतले. नाकावरचा पदर सोडून डोक्यावर घेतला, वडीलधाऱ्यांसमोर जाताना घेतात तसा, आणि पाटावर बसल्या. मी त्यांच्याच फोनवरून कारखानदाराला लावला आणि आवाज मोठा ठेवला.

त्यानं आदरानं नमस्ते माँजी म्हटलं आणि मशीन आपने ली है क्या, असं विचारलं. आत्याबाईंची हिंदी जुन्या बाजाराची, निजामाच्या काळापासून आपल्याकडं चालत आलेली.

"नही भैया. बहू की है. मेरा नाम गलती से पड़ गया. काट डालो."

तो सावध होता. म्हणाला, माँजी, बुरा मत मानना, मुझे पूछना पड़ता है. मशीन अगर आपकी है तो मैं नाम नहीं हटाऊँगा, कोई कुछ भी बोले.

"मेरा कुछ नही है भैया," आत्याबाई म्हणाल्या. "ना घर, ना खेती. मैं तो बस हात लगाती. लगाया वो सब इन लोगोंका."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, रडणं नव्हतं. बाजारात आज मिरचीचा भाव काय हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आणि मला संताप आला. त्या सोडून गेलेल्या नवऱ्याचा आला. माझ्या सासऱ्यांचा आला, जे आता नाहीत. त्यांनी बहिणीच्या हातानं विहीर खणवली आणि त्याच शेताच्या सातबाऱ्यावरून तिचं नाव तिच्याच सहीनं कमी करवून घेतलं. यजमानांचा आला, आणि त्या विहिरीच्या पाण्यावरची ज्वारी इतकी वर्षं निमूट खाणाऱ्या माझाही आला. आता मीच त्यांना पाटावर बसवून पुन्हा नाव काटायला लावत होते.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"भैया, बिल वैसाच रहने दो. मशीन इन्हींकी है," म्हटलं आणि बंद केला.

आत्याबाई इतक्या चिडल्या की तसं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "येडी झाली का गं? त्यो कापून द्यायला तयार व्हता ना? एवढा कर पाण्यात घालून राह्यली तू." मी म्हटलं, मशीन तुमची, मी वापरायला घेतली असं समजा. त्या म्हणाल्या, माझी म्हनं, आणि परत देठं मोडायला जाऊन बसल्या. यजमान संध्याकाळी म्हणाले, मी तर आधीच सोड म्हणत होतो. दिल्लीवाल्याचा पिच्छा पुरवणारी बाई हक्काचा कर सोडते यावर सीएंचा तर विश्वासच बसेना. त्यांनी दोनदा विचारलं, ताई, तब्येत बराबर आहे ना?

पण सीए हुशार. ते म्हणाले, बिल त्यांच्या नावाचं ठेवायचं असेल तर मशीन माझ्या धंद्याची म्हणून कुठंही दाखवायची नाही. एका कागदावर लिहून ठेवा की मशीन त्यांच्या मालकीची आहे आणि धंद्याला वापरायला दिली आहे. कागद त्यांनीच तयार करून दिला. मी तो आत्याबाईंना वाचून दाखवला. मालकी हा शब्द आला तिथं त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. मग सही केली. सही करताना म्हणाल्या, उगं कागद वाया घालवून राह्यले तुम्ही.

त्यांनी मला माफ केलं असं म्हणवत नाही. माझी धास्ती खरी ठरली. त्या वर्षी लोणच्याच्या वेळी मी बरणी पुढं केली तर त्या म्हणाल्या, तूच टाक. पेरणीच्या दिवशी यजमान बियाणं घेऊन दारात थांबले तर त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. मोटारसायकलवाले आले, त्यांना दुसऱ्या घरी पाठवलं. मी विनवलं, भांडले, शेजारणीला सांगायला लावलं. माझा हात आता नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मशीन चांगली चालते ना, म्हटलं, तर म्हणाल्या, चालती, पण नुकसान करून आली. कराचा तो आकडा एकदा त्यांच्या डोक्यात शिरला तो निघाला नाही. यजमानांचं ऐकून, त्यांना कळू न देता कर आधीच सोडून दिला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या पावसाळ्यात पुष्कळदा वाटलं.

फक्त मशीनपाशी त्या यायच्या. काम संपलं, बायका गेल्या की ओल्या फडक्यानं ती पुसायच्या. काळा दोरा तिखटानं लाल झाला तेव्हा त्यांनी तो बदलला. एका बाईनं वरचं झाकण आपटलं तर तिला चांगलंच सुनावलं. मला वाटायचं, सवय आहे त्यांची, भांडीसुद्धा अशीच पुसतात. त्यापलीकडं मी लक्ष दिलं नाही.

पुढं धंदा वाढला. परतूर आणि जालन्याचे दुकानदार माल मागायला लागले, आणि त्या मशीनचा वेग पुरेना. मी मोठी मशीन बघितली. जुन्या मशीनी विकत घेणारा एक व्यापारी जालन्याहून टेम्पो घेऊन आला. यजमान होते, मी होते, भाव ठरला, चहा झाला. त्यालाही त्याच्या हिशोबाला जुनं बिल लागत होतं. मी काढून दिलं. त्यानं वाचलं आणि विचारलं, ह्या कोण? सही ह्यांची लागंल.

मी मागं हाक मारली. आत्याबाई, जरा येऊन सही करून जाता का?

त्या हात पुसत आल्या. कशावर, म्हणाल्या. मी सांगितलं की मोठी मशीन घेतोय, ही हे घेऊन जातायत, सगळं ठरलंय. त्यांनी व्यापाऱ्याकडं बघितलं.

"कुणाची मशीन घेऊन चालला, भाऊ?"

त्यानं पुन्हा बिलात डोकं घातलं. "तुमच्या नावची हाय, माय."

"मंग मला इचारलं का कुणी?"

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. ज्यांच्या नावासाठी मी तो कर सोडला, त्यांची मशीन विकताना त्यांना विचारावं हे माझ्याही मनात आलं नव्हतं. व्यापारी हसण्यावारी नेणार होता, पण आत्याबाई हसत नव्हत्या. त्या मशीनच्या दांडीवर हात ठेवून उभ्या होत्या.

मी उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, आत्याबाई, मशीन द्यायची का?

"इचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

व्यापारी म्हणाला, टेम्पो भाड्याचा आहे माय, आत्ताच काय ते सांगून टाका.

"मला कुणी इचारायची सवय न्हाई, भाऊ. येळ लागंल."

आणि त्या आत गेल्या. टेम्पो रिकामा परत गेला, त्याचं भाडं मी दिलं. नव्या मशीनची ऑर्डर धंद्याच्या खात्यात नंबरासकट भरून ठेवलेली आहे, बटण दाबायचं बाकी आहे. आत्याबाईंनी अजून काही सांगितलेलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी त्यांना घाई करत नाही.